ढलप्यांवरची सात्या

पुण्याहून परत आल्यापासून नागभीडला रोज कुणी ना कुणी विचारतं, "बाई, शनिवारवाडा पाहिला का? पर्वती चढल्या का?" दोन्ही नाही. बारा दिवसांत मी मन लावून पाहिलं ते एवढंच: खराडीच्या एका सोसायटीत झाडांखाली पसरलेल्या लाकडाच्या ढलप्या, नारायण पेठेतल्या एका टेबलावरचं भिंग आणि खडकीतल्या एका क्वार्टरमधलं झाकण घातलेलं पातेलं. हे ऐकून माणसं माझ्याकडे जरा काळजीने बघतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते आहे. ज्यांना पर्वतीची माहिती हवी त्यांनी दुसरं काही वाचावं.

खराडी, पहिले चार दिवस

माझी मुलगी रश्मी खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एकटीच राहते, नवव्या मजल्यावर. श्रावण लागला की ये, म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर "वेळ नाही" हे कारण संपलं, म्हणून गेले. जाताना जवसाची चटणी, लाखोळीची डाळ आणि घरचे तांदूळ नेले. तांदूळ पाहून रश्मी म्हणाली, "आई, इथे तांदूळ मिळतात." मिळतात, पण शिजल्यावर वास येत नाही. हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि तिने मान्यही केलं.

पुण्यातलं जेवण वाईट नाही. पण आमटीत गूळ का घालतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोपऱ्यावरच्या खानावळीत मी विचारलं, "आमटी गोड का आहे?" मालक म्हणाले, "आंबट नको म्हणून." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. आमच्याकडे असं विचारलं असतं तर मालकाने खुर्ची ओढून अर्धा तास सांगितलं असतं.

खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मला फार कमीपणा वाटला. चौतीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई मी. गावात रस्त्याने जाताना सायकलवरून उतरून नमस्कार करणारी माणसं आहेत. इथे लिफ्टचं बटण दाबताना चुकले तर तळघरात पोचत होते. फाटकावर कार्ड दाखवायचं, दारावर वेगळं कार्ड. गॅस पेटवायला काडी लागत नव्हती आणि मी काडी शोधत होते. रश्मी सकाळी नऊला जायची ती रात्री आठला यायची. तिने मला एक मोबाइल घेऊन दिला आणि सांगितलं, "काही लागलं तर फोन कर." काहीच लागत नव्हतं, हीच अडचण होती. मी खाली बागेत जाऊन बसायला लागले.

बाग कसली, नकाशाच तो. गवत एका उंचीचं, झाडं एका रांगेत, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती लाकडाच्या ढलप्यांचा वीतभर थर. आमच्याकडे असल्या ढलप्या चुलीत जातात. इथे त्या विकत आणून पसरतात, माती दिसू नये म्हणून. माती दिसली तर काय बिघडतं, हे विचारायला कुणी नव्हतं.

नव्हतं म्हणजे, देवराव भेटेपर्यंत.

खराडी, गुरुवार

देवराव तिथला माळी. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. मी बाकावर बसलेली पाहून तो दोन दिवस लांबूनच खुरपं चालवत होता. तिसऱ्या दिवशी त्याने फाटकावरच्या वहीत माझं आडनाव आणि गाव वाचलं आणि सरळ समोर येऊन उभा राहिला.

"जय भीम, बाई. नागभीडच्या का जी तुमी?"

"जय भीम. हो, नागभीडची. तुम्ही?"

"सिंदेवाहीकडचा. शाळंत होता का जी? पाहूनच वाटलं."

एवढ्याने मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. सिंदेवाही आमच्या शेजारचाच तालुका. देवराव सात वर्षांपूर्वी पुण्यात आला. खडकीला त्याचा मेहुणा दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्याच क्वार्टरच्या मागच्या खोलीत देवराव, त्याची बायको सुशीला आणि मुलगी राहतात. तिथून तो दोन बस बदलून रोज खराडीला येतो. धानाचं काय, पाऊस कसा आहे, तलाव भरला का, असं बोलता बोलता तो एकदम उठला आणि म्हणाला, "बाई, एक गोष्ट पाहता का?"

मागच्या भिंतीजवळ, गुलमोहराच्या बुंध्याशी, ओल्या ढलप्यांवर तपकिरी छत्र्या उगवल्या होत्या. दहा-बारा उमललेल्या, बाकीच्या अजून मिटलेल्या. टोपीचा मधला भाग गडद, कडेला फिकट.

"ह्या सात्या होय का जी?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सात्या ही आमच्याकडची रानातली अळंबी. पावसाळ्यात थोडेच दिवस मिळते, वारुळाच्या जागी उगवते. बाजारात पळसाच्या पानात बांधून येते आणि आल्या आल्या संपते. सात्यांची भाजी ज्याने खाल्ली आहे त्याला मटणाचं कौतुक सांगू नये. आमच्या घरी सात्या ओळखायचं काम सासूबाईंचं. त्या खुरप्याने मुळापर्यंत उकरायच्या, चोळून वास घ्यायच्या, आणि भाजी झाली की पहिलं ताट स्वतःचं वाढून घ्यायच्या. त्यांनी खाल्ल्याशिवाय घरात कुणाला वाढत नसत. मी नवी सून होते तेव्हा मनात म्हणायचे, काय हा मान. माझं काम निवडण्याचं आणि लसूण सोलण्याचं.

म्हणजे सात्या मी चाळीस वर्षं खाल्ली, धुतली, रांधली. ओळखली कधीच नाही. पण त्या दिवशी हे मला आठवलं नाही. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं, आणि तेही गावाकडचं. गुडघे दुखतात म्हणून मी वाकलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "दिसतात तर आपल्याच. नीट धुवा आणि लसूण सढळ हाताने घाला."

देवरावचा चेहरा फुलला. "सात वर्सं झाली जी, खाल्ल्या नाही. शनिवारी सुट्टी हाय. तंवर ह्या बाकीच्या उमलतीन. सकारी येऊन तोडून नेतो."

मी दोन छत्र्या रश्मीला दाखवायला तोडून घेतल्या. देठाला ढलपी चिकटून आली, तशीच रुमालात गुंडाळली.

खराडी, शुक्रवार

गुरुवारी रश्मी फार उशिरा आली, म्हणून शुक्रवारी दाखवल्या. तिने त्या पाहिल्या आणि पहिलं वाक्य बोलली, "आई, तू हे खाणार नाहीयेस."

मी म्हटलं, "तू लहानपणी ताट चाटून खायचीस."

"ती घरची होती. ही पार्किंगच्या मागची आहे."

आमची चांगलीच जुंपली. माझं म्हणणं, कॉम्प्युटरवर बसून माणसाचा जिभेवरचा विश्वास उडतो. तिचं म्हणणं, विश्वासाने यकृत चालत नाही. शेवटी तिने तोडगा काढला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे मामा नारायण पेठेत राहतात, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी "चालेल" म्हटलं तर ती स्वतः फोडणी घालणार होती. मी लगेच कबूल झाले. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाची बाजू घ्यायला काय हरकत, असं मला वाटलं.

तिने मामांना फोन लावला. त्यांनी फोनवरच सांगितलं: एका छत्रीची टोपी देठापासून कापायची, पांढऱ्या कागदावर उपडी ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. दुसरी आहे तशी आणायची. मी चित्रकलेच्या वहीचा कागद घेतला आणि सांगितलं तसं केलं.

शनिवारी सकाळी वाटी उचलली तर कागदावर टोपीचा ठसा उमटला होता. मधून कडेपर्यंत बारीक बारीक रेषा, कंगव्याच्या दातांसारख्या, आणि रंग गंजलेल्या लोखंडाचा. इतकं सुंदर काहीतरी एका रात्रीत आपोआप झालेलं पाहून मला फार आनंद झाला. माझ्या बाजूने पुरावा तयार झाला असं समजून मी कागद जपून पिशवीत ठेवला. रश्मीचं शनिवार असूनही घरून काम होतं, तिला खुर्ची सोडता येत नव्हती. मी एकटीच रिक्षाने निघाले.

नारायण पेठ, शनिवार सकाळ

नारायण पेठेत रिक्षावाल्याने मला जिथे सोडलं तिथून ती इमारत दहा पावलांवर होती, आणि तिथे पोचायला मला वीस मिनिटं लागली. पहिल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "पाटी वाचा." दुसऱ्याने विचारलं, "वाचता येतं ना?" चौतीस वर्षं मीच लोकांना हे विचारत आले, त्यामुळे राग आला नाही.

दुसऱ्या मजल्यावर मामांच्या दारावर चिठ्ठी लावली होती: "बेल एकदाच वाजवावी. आतील इसम वृद्ध आहे, बहिरा नाही." मी एकदाच वाजवली. सत्तरीच्या पुढचे, उंच, पांढरा सदरा घातलेले गृहस्थ दारात आले. नमस्कार झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "खाल्लंय का आपण?"

मला वाटलं जेवणाचं विचारतायत. "नाश्ता करून निघाले."

"छत्री खाल्ली का?"

"नाही."

"मग बसा."

त्यांनी टेबलावर दिवा लावला, भिंग काढलं, आणि माझ्या पिशवीतलं सगळं वर्तमानपत्रावर मांडलं. मग विचारलं, "उगवली कुठे?"

"ढलप्यांवर. सोसायटीच्या बागेत."

"वारूळ होतं?"

"नाही."

"खाली उकरून पाहिलंत?"

"नाही, वरून पाहिलं."

"वरून मीही बरा दिसतो," मामा म्हणाले.

मग त्यांनी मला भिंग दिलं आणि देठाचा खालचा भाग दाखवला. ढलपीतून पांढरे धागे निघून देठात शिरले होते, आणि धाग्यांखालचं लाकूड मऊ पडलं होतं. "तुमची सात्या वाळवीच्या घरातून येते," ते म्हणाले. "तिला खाली मुळीसारखा लांब देठ असतो, कधीकधी हातभर. ही थेट लाकूड खाऊन वाढली आहे. दुसरं म्हणजे हा कागद. सात्याच्या बीजांची धूळ गुलाबीसर पडते. ही पाहा, गंज. या दोघींची दूरची ओळखसुद्धा नाही."

भिंगातून पाहिल्यावर सगळं किती सरळ दिसत होतं. खुरप्याने दोन इंच उकरलं असतं तरी दिसलं असतं. सासूबाई नेमकं हेच करायच्या.

"हिचं नाव काय?" मी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. म्हणजे मला येत नाही. तपकिरी, लाकडावरच्या छत्र्या पुष्कळ आहेत. काही निरुपद्रवी, काही कडू, काही जीव घेणाऱ्या, आणि दिसायला सख्ख्या बहिणी. सूक्ष्मदर्शकाखाली घालूनही मी दहा वेळा विचार करीन. खायची नाही, एवढं मात्र एका झटक्यात सांगतो."

"शिजवून जात नाही का विष?"

"नाही. आणि वाईट प्रकार असेल तर लगेच कळतही नाही. पहिल्या दिवशी उलट्या-जुलाब, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, माणूस घरी जातो. तिसऱ्या दिवशी यकृत जातं." त्यांनी चष्मा काढला. "आपण खाल्लेली नाही, त्यामुळे चहा करतो."

ते आत वळले आणि मला देवराव आठवला. मी खाल्लेली नव्हती. पण आज शनिवार होता.

मी रश्मीला फोन केला. तिने खाली फाटकावर विचारून दोन मिनिटांत परत फोन केला. देवराव सुट्टी असूनही सकाळी साडेसहाला आला होता आणि पिशवीभर छत्र्या तोडून सातला गेला होता. वहीत त्याचा खडकीचा क्वार्टर नंबर होता. फोनचा रकाना कोरा. साडेअकरा वाजले होते.

मामा चहाचे कप घेऊन आले तेव्हा मी चपला घालत होते. मी त्यांना एका वाक्यात सगळं सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी खोचक ऐकायला मिळणार. त्यांनी कप खाली ठेवले, जिना उतरून माझ्याबरोबर रस्त्यावर आले आणि स्वतः हात करून रिक्षा थांबवली. रिक्षावाला "खडकी नाही" म्हणाला, तेव्हा मामा त्याला म्हणाले, "आपण नाही म्हणालात ते मी ऐकलं. आता चला." आणि तो निघाला.

खडकी, शनिवार दुपार

रिक्षात बसल्यावर मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. एकच गोष्ट परत परत मनात येत होती. देवरावने सात वर्षांत कधी बागेतलं काही घरी नेलं नव्हतं. त्याला शंका होती म्हणून तर त्याने मला विचारलं. त्याची शंका बरोबर होती, आणि मी शाळेतली बाई असल्यामुळे त्याने ती सोडून दिली. गुडघा दुखेल म्हणून वाकले नाही, आणि बोलून मोकळी झाले. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि खूप भीती वाटली.

बारीक पाऊस होता. कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून क्वार्टरच्या ओळी होत्या, सगळ्या एका रंगाच्या, दारापुढे तुळस नाहीतर दुचाकी. तिसऱ्या ओळीत नंबर सापडला. मागच्या दाराशी एक बाई तांदूळ निवडत बसली होती.

"देवराव इथेच राहतात का?"

तिने वर पाहिलं. मी नाव सांगायच्या आधीच ती उठली. "बाई? नागभीडच्या बाई ना जी? अगं माय, तुमी इथं कशा? हे तर तुमच्याकडंच गेले."

ती सुशीला. मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. खोलीत जमिनीवर सहा ताटं मांडलेली होती, सगळी कोरी. मेहुणा, त्याची बायको, त्यांची दोन मुलं आणि देवरावची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. स्टोव्हजवळ झाकण घातलेलं पातेलं, आणि लसणाचा वास सगळीकडे.

"खाल्लं का कुणी?" मी विचारलं.

"आधी कसे खातीन जी?" सुशीला म्हणाली. "ज्यानं सात्या ओरखल्या त्यानं आधी खायाचं, आपल्याकडचीच रीत ना जी. तुमचा डबा भरून हे कवाचे गेले. तुमी खाल्ल्यावर फाटकावरून बाजूच्या घरी फोन करतो म्हनाले. तवा आमी बसू."

मी उंबऱ्यावरच बसले.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. रश्मी. "आई, देवराव आलेत. डबा आणलाय, तुझ्यासाठी. मी त्यांना सगळं सांगितलंय. डबा उघडलेला नाही." मग फोनवर देवराव आला. मी म्हटलं, "देवराव, चूक माझी. मी नीट पाहिलं नव्हतं. वाकले नव्हते."

"बरं झालं जी बाई, तुमी गेल्या तिकडं," तो म्हणाला. "येतो मी."

त्याला रागवायचा पूर्ण हक्क होता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्या सगळ्यांसमोर नीट सांगितलं. कागदावरचा गंज दाखवला, ढलपीतले धागे सांगितले, वर्गात सांगावं तसं. शेवटी "मी चुकले" हेही सांगितलं. वर्गात हे वाक्य मी फार कमी वेळा बोलले आहे. मेहुणा शांतपणे उठला, पातेलं बाहेर नेलं, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा खणून त्यात ओतलं. सुशीलाने पातेलं राखेने तीनदा घासलं आणि तरीही ते वेगळं ठेवलं.

देवरावची वाट पाहता पाहता मला सासूबाई आठवत राहिल्या. इतकी वर्षं मी त्या पहिल्या ताटाला मान समजत होते. मामांनी सांगितलं तसं विषाला तीन दिवस लागत असतील, तर त्यांनी आधी खाऊन आमचा कुणाचा जीव वाचला नसता. पण आधी आपल्यालाच खायचं आहे म्हटल्यावर माणूस वाकतं, उकरतं, वास घेतं. मी देवरावला सांगितलं तेव्हा मला खायचं नव्हतं. म्हणून तर इतक्या सहज सांगता आलं.

दीड तासाने देवराव आला. डबा त्याने वाटेतच कुठेतरी रिकामा केला होता. मला पाहून नेहमीसारखा हसला आणि बायकोला म्हणाला, "काही रांधलं का नाही? बाई उपाशी हायेत."

सुशीलाने झुणका केला होता, आणि भात. सगळे ताटांवर बसले. देवरावचं आणि माझं अशी आणखी दोन ताटं आली. तिने सगळ्यात आधी माझ्या ताटात वाढलं आणि बाकीच्यांची ताटं तशीच ठेवून हात मांडीवर घेऊन बसली.

मी म्हटलं, "सुशीला, हे बेसन आहे. यात काय ओळखायचं?"

"तरी बी तुमीच आधी, बाई," ती म्हणाली.

कुणी हसत नव्हतं. देवरावची मुलगीसुद्धा माझ्याकडे पाहत होती. मी ताटावर वाकले, गुडघा दुखला तरी पुरती वाकले. झुणका बोटाने मोडून पाहिला, वास घेतला, आणि घास तोंडात घातला. लसूण सढळ होता.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "वाढ सगळ्यांना."